टाच टेकेपर्यंत

माझी धाकटी बहीण पाच फुटाला दोन बोटं कमी आहे, आणि तिने गाडी घेतली कुठली, तर जिच्यावर टांग टाकायला मलाही जोर करावा लागतो. वडील होते तेव्हा तिला पावशेर म्हणायचे. आता कुणी म्हटलं तर अंगावर धावून येते. त्या दिवशी ती गाडी ढकलत गॅरेजमध्ये आली, शटरपाशी थांबून घाम पुसला आणि म्हणाली, "दादा, ही खाली करून दे. थांबल्यावर दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत."

"टाचा टेकवायची हौस होती तर स्कूटर घ्यायचीस."

"स्कूटर त्यांना चालत नाही."

त्यांना म्हणजे रक्त तपासणाऱ्या लॅबवाल्यांना. दवाखान्या-दवाखान्यांतून रक्ताच्या बाटल्या उचलायच्या आणि ठरल्या वेळात लॅबला पोचवायच्या, असं ते काम. मागे थंड पेटी बांधलेली. निम्मे दवाखाने खडीच्या रस्त्यांवर, म्हणून उंच गाडीच पाहिजे आणि ती स्वतःची पाहिजे. आधी चाचणी द्यायची. भरलेली पेटी बांधायची, मागे परीक्षक बसणार, आणि थांबताना गाडी जरा डगमगली की नाव बाद. आजवर त्यांनी एकही बाई घेतली नव्हती. हिची आधीची नोकरी जाऊन वर्ष झालं होतं, आणि या कामासाठी तिने जिवाचं रान केलं होतं. रोज सकाळी उठून ती त्या धुडावर तोल सावरायला शिकत होती. दोनदा पडली. गुडघा सोलला तेव्हा आईला सांगितलं की जिन्यात घसरले.

मी म्हटलं ठेव इथे, बघतो.

गॅरेजमध्ये आम्ही दोघं भाऊ आहोत, मी थोरला आणि तो मधला, ज्याला धाकटी भाऊ म्हणते. म्हणजे शेड एक, शटर एक, हवेचा पंप एक आणि गाडी उचलायची लिफ्ट एक. बाकी सगळं दोन दोन. तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या मागच्या चाकाचा नट सैल राहिला. चाक मी बसवलं होतं, नट आवळायचं काम मधल्याचं होतं. तो म्हणतो, जो चाक बसवतो तो नट आवळतो, आणि हे शेंबड्या पोरालाही कळतं. गिऱ्हाइकाचा पाय मोडला आणि आमचं बोलणं मोडलं. पायाचं हाड सहा महिन्यांत जुळलं.

त्यानंतर एका सकाळी मी आवळलेल्या प्रत्येक नटावर काडीने पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. उद्या कुणी माझ्या नावाने खडे फोडायला नको. दुसऱ्या दिवशी त्याच्या कामावर लाल ठिपके दिसले. झालं. न बोलता नियम ठरला. पांढऱ्याला तो हात लावत नाही, लालला मी लावत नाही. हात लावणं सोडा, बघतही नाही. बोलायचीच वेळ आली तर भिंतीशी बोलायचं. "कुणीतरी पंप चालू ठेवून गेलंय," असं मी पंपाला सांगतो. तिकडून तो लिफ्टला सांगतो की लोकांनी आपापल्या गाड्या वेळेवर उतरवाव्यात. जुन्या गिऱ्हाइकांना सवय आहे. नवीन गिऱ्हाईक बिचारं आजूबाजूला बघतं, हे कुणाशी बोलतायत म्हणून.

तर गाडी. गाडी खाली करायची म्हटलं की लोकांना वाटतं मागची स्प्रिंग कापली की काम झालं. स्प्रिंग कापणाऱ्याचे हात कलम केले पाहिजेत, असं माझं स्वच्छ मत आहे. मागे धक्के झेलणारा शॉक असतो, त्याच्या खालच्या टोकाला दोन लोखंडी पट्ट्या असतात, त्यांना आम्ही लिंक म्हणतो. हिच्या गाडीत त्या पट्ट्या थोड्या लांब घातल्या की गाडीचं बूड खाली येतं. मी गाडी फ्रेमला पट्टे बांधून वरून टांगली आणि चाकाखाली फळी सरकवली. बोल्ट निघाला की चाक धाडकन खाली येतं, आणि तिथे ज्याचं बोट असेल त्याचं ते राहत नाही. जुन्या लिंक काढल्या, लांब लिंक घातल्या.

मग मी ते केलं, जे करायचा शंभरातले नव्वद जण आळस करतात. शॉक बाहेर काढला, त्याची स्प्रिंग उतरवली, नुसता दांडा परत जागेवर लावला आणि चाक हाताने वर ढकललं, अगदी शेवटपर्यंत. गाडीवर डोंगर कोसळला तरी चाक याच्या वर जाणार नाही, अशी ती जागा. तिथे टायर आणि मडगार्डच्या मधे बोटं घालून बघायची. माझी दोन बोटं गेली. दोन पुरतात. मग स्प्रिंग चढवली, शॉक बसवला, सगळे बोल्ट टॉर्कच्या पान्याने आवळले आणि ठिपके दिले. पुढच्या चाकाला धरणारा फोर्क तेवढाच खाली घ्यायचा होता, नाहीतर हँडल सुस्त होतं. साइड स्टँडही कापून आखूड करायचा होता. ते दुसऱ्या दिवसावर ठेवलं.

"बस," मी तिला म्हटलं.

ती बसली. चवडे टेकले, चांगले भक्कम टेकले. टाचा दीड बोट वर राहिल्या.

"अजून खाली."

"अजून नाही. आणखी खाली गेली तर टायर मडगार्डला घासेल."

"दीड बोटाचा तर प्रश्न आहे, दादा."

"चवड्यांवर लोक जग फिरून येतात."

"तू कुठे गेलायस फिरायला? या शेडच्या बाहेर गेलायस का कधी?" ती खाली उतरली. "नाही ना जमत? नाही म्हणून सांग. भाऊ करेल."

आता एक सांगून टाकतो, कारण मनात ठेवून ते कुजतंय. सीटचा फोम दीड बोट कापला असता तर तिच्या टाचा टेकल्या असत्या. अर्ध्या तासाचं काम. चाकाला धक्का नाही, शॉकला धक्का नाही. ती बसली तेव्हाच मला ते सुचलं होतं, दुसऱ्या दिवशी स्टँडबरोबर तेही करायचं असं मनात पक्कं केलं होतं. पण ती 'भाऊ करेल' म्हणाली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "मग त्याच्याकडेच जा. जा, ने."

माझ्या बाजूपासून त्याची बाजू बारा पावलं आहे. तिने गाडी ढकलत नेली. मी पाठ केली आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन उचलायला गेलो. रागात उचललं, वाकडं उचललं, आणि कंबरेत अशी कळ आली की तिथेच बसलो. दोन दिवस घरी आडवा होतो. बायको तेल चोळताना म्हणत होती, राग कंबरेला बांधून फिरलं की असंच होतं. तिला काय जातं बोलायला.

तिसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून गॅरेजला आलो. त्याच दिवशी चाचणी होती. धाकटी टायरमध्ये हवा भरत होती. मधला त्याच्या बाजूला एका स्कूटरखाली आडवा पडला होता. मला बघून तो उठलाही नाही, पण त्याच्या पान्याचा आवाज जरा वाढला.

धाकटी गाडीवर बसली. माझ्याकडे बघत तिने दोन्ही पाय खाली सोडले.

"बघ. टेकल्या."

टेकल्या होत्या. टाचा, चवडे, सगळं. पुढचा फोर्क नीट खाली घेतला होता, साइड स्टँड कापून जोडलेलं वेल्डिंग स्वच्छ होतं. काम चांगलं होतं, हे मी मनातल्या मनात मान्य केलं. मग मागे वाकून बघितलं. लिंकच्या बोल्टांवर माझे पांढरे ठिपके तसेच होते. शॉकच्या बोल्टांवर लाल ठिपके होते. तिथे माझे पांढरे असायला पाहिजे होते. पेट्रोलच्या फडक्याने पुसलेले, कडेला थोडा पांढरा राहिलेला.

त्याने माझा ठिपका पुसला होता. तीन वर्षांत हे कधी झालं नव्हतं. माझ्या जिवाची अशी लाही लाही झाली की काय सांगू. एखाद्याने भर चौकात कानाखाली ओढावी, तसं वाटलं मला.

शॉक दुसऱ्याच गाडीचा होता, एक बोट आखूड. शॉक एक बोट आखूड झाला की चाक दोन-अडीच बोटं वर जातं, हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. माझ्या लिंक घातल्यावर दोन बोटं जागा उरली होती. त्यातून अडीच गेली. हा हिशेब मला नंतर सुचला असं म्हणायला फार आवडलं असतं. पण तिथेच, वाकलेला असतानाच झाला होता. ती एकटी बसते तेव्हा चाक तेवढं वर जात नाही, चव्वेचाळीस किलोची तर आहे. मागे परीक्षक बसला की घासेल. घासू दे, असं मला वाटलं. करकर आवाज येईल, परीक्षक मान हलवेल, ही रडत परत येईल आणि मधल्याचं नाक सगळ्यांसमोर कापलं जाईल. परीक्षक म्हणून माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी सुकट कारकून होता.

"छान," मी म्हटलं.

ती तशीच बसून राहिली. "बाकी काही नाही?"

"बाकी काय असणार?"

तिने हेल्मेट घातलं आणि गेली. मी तिच्या मागच्या चाकाकडे बघत होतो, ते आठवतंय.

एकच्या सुमाराला आई डबे घेऊन आली. एक डबा माझ्या बाकड्यावर, एक मधल्याच्या. दोन वेगळे डबे भरते ती, कारण एकाच डब्यातलं खाताना आमचे हात एकमेकांना लागतील. नेहमी डबे ठेवते आणि निघते. त्या दिवशी माझ्या बाकड्याला टेकली.

"दीड वाजता आहे तिची," ती म्हणाली. "माझा जीव नाही थाऱ्यावर. तो परीक्षक केवढा आहे म्हणे, शंभराच्या पुढे वजन. दारातून आडवा होऊन शिरतो. तो मागे बसणार, आणि पेटीत पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. पाच स्पीडब्रेकर आहेत तिथे, ते चाळीसच्या वेगाने घ्यायचे. बाटल्या फुटतात का ते बघतात."

मी पाना खाली ठेवला.

शंभर किलो, वर भरलेली पेटी, वर हिचं वजन, आणि चाळीसचा वेग. स्पीडब्रेकरवरून खाली आदळताना चाक शेवटपर्यंत वर जाणारच. मडगार्डच्या आत नंबरप्लेटची लोखंडी पट्टी आहे, तिचे दोन बोल्ट आत आलेले आहेत. टायर नुसता घासणार नाही, त्या बोल्टांत अडकेल. मागचं चाक चालत्या गाडीत जागेवर थांबतं तेव्हा काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. आणि तिच्या अंगावर शंभर किलोचा माणूस पडणार.

"चाचणी कुठे आहे?" मी विचारलं.

"मला काय माहीत बाबा. कुठल्या तरी गोदामांच्या मागे. भाऊने काल नेऊन रस्ता दाखवला तिला, त्याला विचार." आई पदराने तोंड पुसून उठली. मी त्याला विचारणार नाही हे ती धरूनच चालली होती. "वेळेवर खा," म्हणाली आणि घरी गेली.

मी धाकटीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

मग मी उठलो. बारा पावलं चालायची होती. त्या बारा पावलांत मला परत फिरायची तीन कारणं सुचली, आणि तिन्ही मला त्या क्षणी चांगली वाटली. सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो असा.

"चाचणी कुठे आहे ते लोकांना माहीत असेल," मी हवेच्या पंपाला म्हटलं.

मधला स्कूटरच्या मागे बसून ब्रेक लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुला विचारतोय."

त्याचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला. "तीन वर्षं काही विचारायचं नव्हतं."

"तिच्या गाडीत आखूड शॉक घातलास तू."

"घातला. तुझ्याच्याने होईना म्हणून घातला."

"माझा ठिपका पुसून."

"शॉक काढायचा म्हणजे पुसावाच लागतो. फिर्याद कर जा."

"लिंक बघितल्यास का?"

"पांढऱ्या होत्या. मी पांढऱ्यात डोकं घालत नाही."

"लांब आहेत त्या. मी बदलल्यात."

आता तो वळला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. कानाजवळ त्याचे केस पिकले होते, ते मला माहीतच नव्हतं.

"ती म्हणाली नुसतं ग्रीस केलंय."

"आणि तू ऐकलंस?"

"गाडी जरा बसलेली दिसली. मला वाटलं जुना शॉक मेला. हाच शॉक याच गाडीत मी चार वेळा घातलाय, कधी घासला नाही." तो उभा राहिला. "किती जागा होती?"

"दोन बोटं."

त्यानेही तोच हिशेब केला. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसला. मग तो अगदी हळू बोलला. "सकाळी तू वाकून बघत होतास. मी खालून बघत होतो तुला. तेव्हा का नाही बोललास?"

मी माझं हेल्मेट उचललं.

"किल्ली घे," मी म्हटलं.

माझ्या गाडीचं इंजिन बाकड्यावर उघडं पडलेलं. त्याच्याच गाडीवर जावं लागलं. मी मागे बसलो, कुठे धरू कळेना, शेवटी सीटखालची दांडी धरली. शटर उघडंच राहिलं. दोन डबे आणि आमचे दोन्ही फोन बाकड्यांवर राहिले.

तो गाडी जोरात काढत होता आणि प्रत्येक खड्ड्याला माझी कंबर फाटत होती. मी म्हटलं डावीकडून काढ. तो म्हणाला चालवतोय मी. मी म्हटलं तुझ्यामुळे हे झालं. तो म्हणाला तू दोन शब्द बोलला असतास तर काय तुझी जीभ झडली असती? मी म्हटलं दुसऱ्याच्या कामात हात घालताना विचारायची पद्धत असते. तो म्हणाला कुणाला विचारू, पंपाला? सिग्नलला थांबलो तोपर्यंत आम्ही तीन वर्षांपूर्वीच्या चाकाच्या नटावर आलो होतो. तो आवळणं कुणाचं काम होतं, यावर आम्ही हेल्मेटमधून एकमेकांवर ओरडत होतो, आणि शेजारच्या गाडीवरची बाई आमच्याकडे बघत होती. हिरवा झाला तरी आम्हाला कळलं नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले.

"नंतर," तो म्हणाला.

"नंतर," मी म्हटलं.

गोदामांच्या मागे एक लांब सिमेंटचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती, मधे पाच स्पीडब्रेकर, काळे-पिवळे रंगवलेले. आम्ही एका टोकाला पोचलो तेव्हा ती दुसऱ्या टोकाला होती. निघाली होती. परीक्षक तिच्या मागे बसलेला, तिच्या दोन्ही बाजूंनी दिसत होता. ती आमच्या दिशेने येत होती आणि पहिला स्पीडब्रेकर तिच्यापासून पन्नास-साठ पावलांवर होता.

मी उतरलो नाही. मधल्याने गाडी तशीच रस्त्याच्या मधून तिच्या अंगावर घातली. आम्ही दोघं हात हलवत होतो, ओरडत होतो. हेल्मेटमध्ये तिला काय ऐकू जाणार? तिचा वेग वाढतच होता. आम्ही तिची चाचणी मोडायला आलोय असं तिला वाटत असेल, ती थांबणार नाही, ती हट्टाने आणखी जोरात येईल, असं माझ्या मनात आलं. तिच्या जागी मी असतो तर मी तेच केलं असतं.

पण तिने ब्रेक दाबले. पहिल्या स्पीडब्रेकरच्या अलीकडे, तीनचार पावलांवर, गाडी थांबली. इतक्या वजनातही डगमगली नाही.

मधल्याने आमची गाडी पलीकडे थांबवली. मी उतरलो आणि कंबर धरून तिच्याकडे धावलो. तिने काच वर केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई?" ती म्हणाली.

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "गाडी पुढे घेऊ नकोस. उतर खाली."

"आई गेली का?"

"काय बोलतेस? अगं, टायर—"

"कधी गेली?" तिने इंजिन बंद केलं. "दादा, खरं सांग. कधी?"

मधला माझ्या मागे येऊन उभा राहिला. "आईला काही झालेलं नाही. चांगली आहे. आत्ता डबे देऊन गेली. तुझ्या गाडीचं चाक—"

"खोटं नका बोलू माझ्याशी. तुम्ही दोघं एका गाडीवर आलायत."



परीक्षक खाली उतरला. मोठा माणूस, पण शांत. त्याने विचारलं काय भानगड आहे, आणि मी सांगितलं. लिंक, शॉक, दोन बोटं, अडीच बोटं. मधे मी अडकलो तिथे मधल्याने पुढचं सांगितलं. परीक्षक वाकला, मडगार्डच्या आत हात घातला आणि त्या दोन बोल्टांवरून बोट फिरवलं. सरळ झाला तेव्हा त्याच्या कपाळाला घाम होता.

"पाच वाजेपर्यंत मी इथे आहे," तो तिला म्हणाला. "गाडी नीट करून आणा. पुन्हा घेतो. थांबलात ते छान थांबलात."

"तासाभरात होईल," मधला म्हणाला.

"जुना शॉक परत घालतो आणि सीट मी कापतो," मी म्हटलं. "टाचा टेकतील. शब्द देतो तुला."

ती आमच्याकडे बघतच नव्हती. परीक्षकाला म्हणाली, "माझा फोन द्या."

"चाचणी संपेपर्यंत फोन मिळत नाही. तुम्हाला सांगितलंय ते. मधे फोन घेतला की नाव बाद होतं, तो नियम माझा नाही."

"पाच मिनिटं."

"मग पुन्हा सहा महिन्यांनी अर्ज करावा लागेल. विचार करा."

"अगं, आईची शपथ, ती ठीक आहे," मी म्हटलं. "एक वाजता माझ्यासमोर बाकड्याला टेकून बोलत होती."

"मीही बघितली," मधला म्हणाला. "माझी शपथ घे पाहिजे तर."

तिने आमच्या दोघांकडे बघितलं. मला वाटलं शिव्या देईल, आणि देऊ दे असं मला मनापासून वाटलं. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता. गल्लीतल्या परक्या माणसाकडे बघावं तसं ती आमच्याकडे बघत होती. कोण कुठली ही माणसं, यांचं काय खरं धरायचं.

"तुम्ही मला काय काय सांगत नाही, ते आत्ताच कळलं ना मला," ती म्हणाली. मग परीक्षकाला म्हणाली, "द्या फोन. बाद करा."

परीक्षकाने खिशातून फोन काढून दिला. तिच्याकडून नंबर दोनदा चुकला. मी पुढे झालो, तर ती मागे सरकली. लाज काय असते ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं, हे मी आता सांगू शकतो. मधला खाली जमिनीकडे बघत होता.

फोन लागला. तिने डोळे मिटले आणि पत्र्याच्या भिंतीला टेकली.

"आई," ती म्हणाली. "काही नाही गं. असाच केला. जेवलीस का?"

पलीकडून आई चाचणीचं विचारत होती. आम्हाला दोघांनाही तिचा आवाज ऐकू आला.

"झाली," धाकटी म्हणाली, आणि आमच्याकडे पाठ केली.